वॉटरप्रूफ म्हणजे किती मिलिमीटर?

आपल्या होस्टेलवर जून लागला की दोनच विषय चघळले जातात, निकाल आणि पाऊस. निकालाबद्दल लिहून उपयोग नाही. पावसाबद्दल मात्र लिहायला हवं, कारण आपल्यातली बरीच मंडळी शनिवारी दुपारी लेक्चर संपलं की गाडी काढतात आणि गावाकडे निघतात. कुणी अकोल्याला, कुणी मूर्तिजापूरला, कुणी दर्यापूर नाहीतर परतवाड्याला. पूर्वी अंगावर फार तर प्लॅस्टिकचा रेनकोट असायचा. आता पार्किंगमध्ये पाहिलं तर प्रत्येक चौथ्या गाडीच्या आरशाला टेक्स्टाइलचं रायडिंग जॅकेट लटकलेलं दिसतं. त्याच्या टॅगवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'वॉटरप्रूफ १०,००० मिमी'.

हा लेख त्या आकड्याबद्दल आहे. आकडा खोटा नाही. पण तो कापडाचा आहे, सूटचा नाही. शिवाय तो नव्या कापडाचा आहे, वऱ्हाडातले दोन उन्हाळे पाहिलेल्या कापडाचा नाही. एवढं नीट समजून घेतलं तर पैसे वाचतील, आणि कधी रस्त्यावर आपटायची वेळ आलीच तर कातडीही वाचेल.

आकडा येतो कुठून

आयएसओ ८११ नावाची चाचणी आहे. कापडाचा तुकडा गोल चिमट्यात घट्ट धरतात आणि एका बाजूने पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. दुसऱ्या बाजूला तीन वेगवेगळ्या जागी थेंब दिसले की थांबायचं आणि त्या वेळचा दाब लिहून घ्यायचा. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत सांगतात. १०,००० मिमी म्हणजे त्या कापडावर दहा मीटर उंच पाण्याची नळी उभी केली तरी ते पाझरणार नाही. दहा मीटर म्हणजे जवळजवळ आपल्या होस्टेलच्या तिसऱ्या मजल्याची गच्ची.

आता प्रश्न असा की गाडीवर एवढा दाब येतो कुठे? फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर सगळ्यांनीच दिला आहे, तेव्हा हिशोब करून पाहू. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. या वेगाने छातीवर येणाऱ्या वाऱ्याचा दाब अर्धा गुणिले हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे साधारण १७० पास्कल. पाण्याच्या स्तंभात फक्त १७ मिमी! मग दहा हजार कशाला?

कारण दाब वाऱ्याचा नाही, थेंबाचा आहे. मोठा थेंब खाली पडताना सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने येतो. आपण त्याच्यावर १६.७ ने चालून जातो. दोन्ही वेग काटकोनात मिळवले तर टक्कर होते सुमारे १९ मीटर प्रति सेकंदाने. हाच सूत्राचा हिशोब, पण आता घनता पाण्याची, म्हणजे हजार. उत्तर येतं सुमारे १८० किलोपास्कल, म्हणजे १८ मीटरचा स्तंभ. अर्थात हा दाब क्षणभराचा आणि थेंबाएवढ्याच जागेवर असतो, म्हणून कापड लगेच हार मानत नाही. पण असे थेंब सेकंदाला शेकड्यांनी आपटतात. वेग वाढला की दाब वर्गाने वाढतो, हेही ध्यानात ठेवा. जून २०२२ मध्ये आपल्याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरून गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता चांगला झाला, आनंदच आहे. पण खड्ड्यांच्या जमान्यात चाळीसने जाणारे पोट्टे आता ऐंशीने जातात, आणि ऐंशीला थेंबाचा मार चाळीसच्या जवळजवळ तिप्पट बसतो.

पाणी किती अंगावर येतं तेही पाहू. तासाला २० मिमी पडणारा पाऊस हा आपल्याकडचा चांगला पाऊस. अशा वेळी एक घनमीटर हवेत साधारण एक ग्रॅम पाणी लटकत असतं. गाडीवर बसलेल्या माणसाची समोरची बाजू अर्धा चौरस मीटर धरली, तर ६० च्या वेगाने तो सेकंदाला आठ घनमीटर हवा झाडून काढतो. म्हणजे सेकंदाला सात-आठ ग्रॅम पाणी, तासाला पंचवीस लिटरच्या पुढे. वाऱ्याबरोबर काही थेंब बाजूला वळतात ते सोडा, तरी बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत अंगावर दीड बादली पाणी ओतून घेतल्यासारखं आहे. चौकात उभं राहून भिजणाऱ्याला याच्या दशांश सुद्धा नाही लागत. म्हणून पायी फिरणाऱ्यांसाठी शिवलेला रेनकोट गाडीवर टिकत नाही.

खरा दाब मात्र आणखी एका जागी असतो, आणि तिथे कुणाचं लक्ष जात नाही. सीटवर. साठ किलोच्या माणसाचं पाऊण वजन सीटवर आलं आणि टेकायची जागा पाचशे चौरस सेंटिमीटर धरली, तर सरासरी दाब ९०० मिमीच्या आसपास येतो. हाडाखाली त्याच्या कितीतरी पट. तिथेच मांडीच्या खोबणीत पाणी साचतं, आणि तिथेच पॅंटच्या चार शिवणी एकत्र येतात. घरी पोचल्यावर आईचा ठरलेला प्रश्न असतो, "काहून रे, रेनकोट घातला होता ना, मग पॅंट कशी ओली?" तर आई, उत्तर असं आहे.

सुईचं भोक

पाणी छिद्रातून जाईल की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं. पाण्याचा पृष्ठताण, कापडाशी पाण्याचा स्पर्शकोन, आणि छिद्राचा व्यास. सूत्र सोपं आहे. छिद्र जितका दाब अडवू शकतं तो म्हणजे चार गुणिले पृष्ठताण गुणिले स्पर्शकोनाचा कोसाइन, भागिले व्यास. पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर. टेफ्लॉनसारख्या पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागावर स्पर्शकोन साधारण ११० अंश. छिद्र एक मायक्रॉनचं घेतलं तर उत्तर ९८ किलोपास्कल, म्हणजे बरोबर दहा मीटर. टॅगवरचा १०,००० हा असा जमून येतो.

आता त्याच सूत्रात शिवणयंत्राच्या सुईने पाडलेलं अर्ध्या मिलिमीटरचं भोक टाका. उत्तर येतं १९७ पास्कल. म्हणजे २० मिमी!

दहा हजारावरून वीसवर. पाचशे पट घसरण, फक्त सुई टोचली म्हणून. ६० च्या वेगाचा नुसता वाराच १७ मिमीचा दाब देतो हे वर आलंच आहे. मांडीत दोन सेंटिमीटर पाणी साचलं तरी २० मिमी झाले. सेंटिमीटरला चार टाके धरले आणि सूटमध्ये वीस मीटर शिवण धरली, तर अशी आठ हजार भोकं आपण अंगावर घालून फिरतो. दोरा त्या भोकात असतो हे खरं, पण दोरा बूच नसतो. कित्येकदा तो वातीचं काम करतो आणि पाणी आत ओढून आणतो.

ही गोष्ट नवी नाही. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. कापड उत्तम होतं. पण शिंप्यांनी त्याचे कोट शिवले आणि प्रत्येक टाक्यातून पाणी आत यायला लागलं. बदनामी कापडाची झाली. त्या कापडाची दुसरी खोड म्हणजे थंडीत ते ताठ व्हायचं आणि उन्हाळ्यात चिकट. ही खोड आपल्याला पुढे लागणार आहे, विसरू नका.

यावरचा उपाय म्हणजे शिवणीवर आतून गरम करून चिकटवलेली टेप. जॅकेट विकत घेताना अस्तर उलटं करून पाहायचं, शिवणीवर बोटभर रुंद चकचकीत पट्टी आहे का. सगळ्या शिवणींवर आहे की फक्त खांद्यावर? चेनच्या मागे झाकण आहे का, आणि त्या झाकणाच्या तळाशी पाणी वळवणारी घडी आहे का? कॉलर, मनगट, चेन आणि मांड्यांमधली शिवण या चार जागा पाहिल्या तर टॅग वाचायची गरज उरत नाही. अकोल्याला मामांच्या ओळखीचे एक ताडपत्रीवाले आहेत. शेतकऱ्यांना तूर-सोयाबीनच्या गंजीवर टाकायला लागते ती ताडपत्री ते विकतात. त्यांना मी विचारलं की जोड शिवत का नाही. ते म्हणाले, "सुई लागली की ताडपत्री गेली समज. हे गरम करून चिकटवलेलं आहे." आमच्या तीन तासांच्या प्रॅक्टिकलपेक्षा हे एक वाक्य मला जास्त कळलं.

ज्यांना पडताळून पाहायचं असेल त्यांच्यासाठी सोपा प्रयोग. दोन मीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, एका तोंडावर कापड ताणून होज क्लिपने आवळा, पाइप जिन्यात उभा बांधा आणि वरून मगाने पाणी ओता. आम्ही रूममेट्सनी एका जुन्या, टेप नसलेल्या रेनकोटवर हा प्रयोग केला. नुसतं कापड पूर्ण पाइप भरेपर्यंत कोरडं राहिलं. त्याच रेनकोटची शिवण क्लिपखाली धरली, तर पाइप वीतभर भरायच्या आत टपटप सुरू झाली. वॉर्डन सरांनी जिन्यातलं पाणी पाहिलं तेव्हा त्यांनाही समजावून सांगावं लागलं, पण त्यांनी ऐकून घेतलं. ते स्वतः बडनेऱ्याहून गाडीने येतात.

आतून येणारं पाणी

आता समजा शिवण नीट आहे, टेप आहे, कापड दहा हजाराचं आहे. तरी मूर्तिजापूरपर्यंत बनियन ओलं होतंच. हे पाणी पावसाचं नाही, घामाचं आहे.

याच्यासाठी बाष्प बाहेर सोडणारा पडदा म्हणजे मेंब्रेन असतो. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन एकदम झटक्याने ताणलं आणि त्यातून अब्जावधी सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळाला. गोर-टेक्स म्हणतात तो हाच. थेंब छिद्रापेक्षा खूप मोठा, वाफेचा रेणू खूप लहान. म्हणून पाऊस बाहेर अडतो आणि वाफ बाहेर जाते, असं जाहिरातीत सांगतात. सांगतात ते खरं आहे, पण वाफ स्वतःहून जात नाही. तिला ढकलायला आत आणि बाहेर बाष्पदाबाचा फरक लागतो.

तो फरक काढून पाहू. घामेजलेल्या ३५ अंशांच्या कातडीवर बाष्पदाब ५.६ किलोपास्कल. युरोपातल्या थंड पावसात, १० अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली, तर बाहेर १.१. फरक ४.५. आपल्या जुलैत, २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता, बाहेर ३.४. फरक २.२. म्हणजे निम्म्यावर आला. तोच सूट, तोच पडदा, पण ढकलणारा जोर निम्मा. इकडे घाम मात्र दुप्पट. गंमत अशी की मे महिन्यात, ४३ अंश आणि जेमतेम १२ टक्के आर्द्रतेला, फरक परत ४.६ होतो. म्हणजे हा महागडा पडदा वऱ्हाडात सगळ्यात चांगला चालतो तो नेमका पाऊस नसताना!

त्यात भर आपल्या काळ्या मातीची. कापडाच्या बाहेरच्या बाजूला पाणी झटकणारा एक अगदी पातळ रासायनिक थर असतो. नवीन जॅकेटवर पाणी टाकलं की मोती होऊन घरंगळतं ते याच्यामुळे. कापसाच्या जमिनीतली काळी माती म्हणजे दोन मायक्रॉनहून बारीक चिकणकण, आणि ते पाण्याचे इतके प्रेमी की पावसात फुगतात आणि उन्हात भेगाळतात. ट्रकच्या चाकामागे दहा किलोमीटर गेलं की हा चिखल धाग्या-धाग्यात बसतो. मग पाणी मोती होत नाही, पसरतं. बाहेरचं कापड भिजून गच्च झालं की त्याच्यावर पाण्याची एक सलग साय तयार होते आणि त्या सायीतून वाफ बाहेर पडत नाही. पडदा फाटलेला नसतो, शिवण शाबूत असते, पण माणूस आतून उकडून ओला. दुकानदाराकडे गेलं तर तो म्हणतो, लीक आहे. लीक नाही, जॅकेट मळलेलं आहे.

त्या थरात पूर्वी आठ कार्बनच्या साखळीची फ्लोरिन रसायनं वापरत. ती निसर्गात वर्षानुवर्षं विरत नाहीत, म्हणून त्या कुळातल्या पीएफओए या रसायनाचं नाव २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात बंदीच्या यादीत घातलं गेलं. आता सहा कार्बनची किंवा फ्लोरिन नसलेली रसायनं येतात. ती पर्यावरणाला बरी, पण तेल आणि धूळ झटकण्यात जुन्यांइतकी पक्की नाहीत. म्हणजे धुण्याची आणि पुन्हा थर देण्याची जबाबदारी आता आपल्यावर जास्त आली.

इथे जरा विषयांतर करतो, कारण आपण कापसाच्या मुलखातले आहोत. जलरोधक कापड म्हणजे प्लॅस्टिकच असं नाही. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने शुद्ध कापसाचं 'व्हेंटाइल' नावाचं कापड विणलं. लांब धाग्याचा कापूस, अतिशय घट्ट वीण. पाणी लागलं की कापसाचा तंतू फुगतो आणि मधल्या फटी स्वतःच बुजतात. कोरडं असताना हवा खेळती. आपल्या अमरावतीच्या कापसाला इंग्रजांच्या बाजारात 'उमरा' म्हणत, पण तो आखूड धाग्याचा, म्हणून असल्या कापडाला चालला नसता. तरी तंबू शिवताना आजही कापूस गुंडाळलेला पॉलिएस्टर दोरा वापरतात, कारण तो भिजला की फुगून सुईचं भोक बुजवतो. नांदगाव पेठेला कापडाचे कारखाने उभे आहेत, पीएम मित्रा पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं आहे. टेक्स्टाइलच्या कुणाला फायनल इयरचा प्रोजेक्ट सुचत नसेल तर वऱ्हाडी उन्हाळ्यात टिकणारी शिवण हा विषय मोकळा आहे. असो.

ऊन आणि डिकी

सूट पावसाने खराब होतो असा आपला समज. प्रत्यक्षात तो उन्हाने आणि ओल्या डिकीने खराब होतो.

मध्यम किमतीच्या बहुतेक जॅकेटांमध्ये पडद्याऐवजी पॉलियुरेथेनचा लेप असतो. या लेपाचा एक स्वस्त प्रकार एस्टर जोडांचा. हे जोड पाणी आणि उष्णता मिळून हळूहळू तोडतात. केमिस्ट्रीत याला जलविघटन म्हणतात. लेप आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे निघतात, आणि एक दिवस अस्तरातून पांढरा भुसा गळायला लागतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा प्रक्रियेचा वेग ढोबळ मानाने दुप्पट होतो. ओला सूट घडी घालून डिकीत कोंबला आणि गाडी उन्हात लावली, तर आत ओल आणि साठ अंश उष्णता दोन्ही मिळाले. पंचवीस अंशांच्या कपाटाच्या तुलनेत दहा पटीहून जास्त वेगाने लेप मरतो. मॅकिंटॉशचा कोट उन्हाळ्यात चिकट व्हायचा. दोनशे वर्षांनी रसायन बदललं, पण कारण पुन्हा ऊनच. पीव्हीसीच्या साध्या रेनकोटची तऱ्हा वेगळी. त्यात नरमपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य उन्हाने उडून जातं, मग तो घडीवर तडकतो.

नायलॉन आणि पॉलिएस्टर यातही फरक आहे. घासण्याला नायलॉन जास्त चिवट, उन्हाला पॉलिएस्टर जास्त टिकाऊ. सहाशे डेनियर म्हणजे ज्या धाग्याचे नऊ हजार मीटर सहाशे ग्रॅम भरतात तो धागा. पण नुसता डेनियर पाहून फसू नका. कापडावर जाड लेप चढवला की त्याची फाटण्याची ताकद कमी होते. कारण साधं कापड फाटताना धागे सरकून एकत्र गोळा होतात आणि मिळून झुंजतात. लेपाने ते जागच्या जागी चिकटवले की एकेक करून तुटतात. म्हणजे जलरोधकपणा आणि मजबुती एकाच थरातून मागितली तर एकीशी तडजोड आलीच.

आणि मजबुती कशासाठी? ६० च्या वेगाने पडलेला माणूस कोरड्या डांबरावर, घर्षणांक ०.६५ धरला तर, सुमारे बावीस मीटर घसरत जातो. अडीच सेकंद. सत्तर किलो वजनाची जवळजवळ दहा किलोज्यूल ऊर्जा त्या अडीच सेकंदांत कापडाला नाहीतर कातडीला पचवावी लागते. ओल्या रस्त्यावर घसरणं पस्तीस मीटरच्या घरात जातं. पातळ रेनकोट यात पहिल्याच मीटरला संपतो. युरोपात २०२० पासून ईएन १७०९२ हे मानक आहे, त्यात कोपर-गुडघा-खांद्याच्या कापडाची घासण्याची चाचणी 'ए' वर्गासाठी ताशी ४५, 'एए' साठी ७० आणि 'एएए' साठी १२० किमीला होते. आपल्या महामार्गाला 'ए' पुरत नाही, 'एए' पाहावा. आपल्या कायद्यातली सक्ती हेल्मेटपुरती आहे, त्यामुळे जॅकेटचं आपणच पाहायचं.

मग घ्यायचं काय

माझं मत स्पष्ट आहे, पटलं नाही तर मेसमध्ये भांडू. आपल्या भागात पाणी अडवणारा थर आणि पडताना वाचवणारा थर वेगळे ठेवावेत. आत 'एए' वर्गाचं, जाळीचं, कोपर-खांदा-पाठीला कवच असलेलं जॅकेट. वरून पाऊस आला तर सैल, पूर्ण टेप केलेला, दोन तुकड्यांचा रेनसूट. जाळीतून उन्हाळ्यात हवा खेळते आणि घाम सुकताना अंग गार करतो. रेनसूट खराब झाला तर तेवढाच बदलायचा, जॅकेट वर्षानुवर्षं चालतं.

बरेच दुकानदार जाळीच्या जॅकेटात आतून लावायचं पावसाचं अस्तर देतात. ते मी घेऊ नका म्हणेन. बाहेरची जाळी, कवचाचा फोम आणि खिसे सगळे भिजतात, जॅकेटचं वजन वाढतं, आणि वाऱ्यात ते पाणी सुकताना अंगातली ऊब काढून घेतं. चिखलदऱ्याच्या घाटात पावसाळी संध्याकाळी हा अनुभव घेतलेले पोट्टे दात वाजवत खाली येतात. शिवाय पाऊस सुरू झाल्यावर रस्त्याच्या कडेला जॅकेट काढून आत अस्तर लावायचं, हे कोण करतं?

पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेले तीन थरांचे सूट उत्तम असतात. अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या एरोस्टिचने १९८३ मध्ये कपड्यांवरून चढवायचा टेक्स्टाइलचा एकसंध सूट आणला, तेव्हापासून रोज गाडीने ऑफिसला जाणाऱ्यांनी टेक्स्टाइल मनावर घेतलं. पण चांगल्या लॅमिनेटच्या सूटची किंमत आपल्या सेकंडहँड गाडीपेक्षा जास्त पडते, आणि जुलैतल्या २.२ किलोपास्कलला तो तरी काय करणार? लडाखला जायचं असेल तर गोष्ट निराळी.

निगेबद्दल थोडं. धुताना कपड्यांची नेहमीची पावडर आणि कंडिशनर नको. त्यातलं साबणद्रव्य कापडावर राहिलं तर तेच पाण्याला आत बोलावतं. सौम्य द्रव साबण, कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि दोनदा स्वच्छ खळबळून काढणं. आपल्या बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही, तेव्हा शेवटचं पाणी आरओचं मिळालं तर बरं. पिळायचं नाही. गच्चीवर उन्हात नाही, व्हरांड्यात पंख्याखाली वाळवायचं. सुकल्यावर वरून सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवली तर फ्लोरिनच्या थराच्या साखळ्या पुन्हा उभ्या राहतात आणि थेंब परत मोती व्हायला लागतात. तरीही झाले नाहीत, तर बाहेरून मारायचा स्प्रे मिळतो, तो पावसाळ्याआधी एकदा. सूट नेहमी हँगरला, घडी घालून नाही.

शिवण गळायला लागली तर सूट टाकून देऊ नका. सीट कव्हर शिवणाऱ्याकडे नेऊन वरून आणखी एक टाका मारून घेतात काही जण. त्याने फक्त नवीन भोकं पडतात. आतून जुनी सुटलेली टेप काढायची, जागा स्पिरिटने पुसायची, आणि इस्त्रीने चिकटणारी सीम टेप कापड मधे धरून दाबायची. ज्या कोपऱ्यात इस्त्री पोचत नाही, म्हणजे मांडीची खोबणी आणि बगल, तिथे पॉलियुरेथेनचा सीम सीलर ब्रशने लावून रात्रभर सुकू द्यायचा. हार्डवेअरच्या दुकानातलं बाथरूमचं सिलिकॉन स्वस्त पडतं म्हणून तेच आधी फासू नये. सिलिकॉन लागलेल्या जागेवर नंतर कुठलीही टेप धरत नाही.